नाव गेलं, अक्षरं राहिली : नैरोबीच्या एका फुटबॉल क्लबचं १९८० मधलं नामांतर

१९८० साली केनियातल्या तीन मोठ्या फुटबॉल क्लबांवर एकच सरकारी फर्मान येऊन आदळलं: नाव बदला. तिघांनी तीन वाटा धरल्या. एकाने जुन्या नावाची आद्याक्षरं तशीच ठेवून त्यांत नवा अर्थ भरला आणि ते नाव आजतागायत चालवलं. दुसऱ्याने हीच युक्ती केली, पण पुढे तो आपल्या मूळ नावावर परतला. तिसऱ्याने नाव बदललं आणि काही वर्षांत तो मोठ्या फुटबॉलमधून दिसेनासा झाला. हे प्रकरण पहिल्या क्लबचं आहे. तो तेव्हाचा ‘अबालुह्या फुटबॉल क्लब’, आजचा ‘एएफसी लेपर्ड्स’. बाकीचे दोघे तुलनेला लागतील, कारण त्यांच्याशिवाय पहिल्याचा निर्णय किती शहाणपणाचा होता आणि कुठे अपुरा पडला, हे कळत नाही.

पार्श्वभूमी

केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला आणि राष्ट्रीय लीगही त्याच वर्षी सुरू झाली. नैरोबीच्या पूर्वेकडच्या कालोलेनी, माकोंगेनी, शौरी मोयो अशा वसाहतींत रेल्वे, नगरपालिका आणि छोट्यामोठ्या कारखान्यांत राबणारी माणसं राहत होती. त्यांतली पुष्कळशी देशाच्या पश्चिम भागातून आलेली. काकामेगा, बुंगोमा, बुसिया हा लुह्या लोकांचा मुलूख, तर व्हिक्टोरिया सरोवराकाठचा न्यांझा हा लुओ लोकांचा. जोगू रोडवरचं मैदान या वसाहतींच्या जवळच होतं. पुढे ते सिटी स्टेडियम म्हणून ओळखलं गेलं. रविवारच्या सामन्याला जाणं म्हणजे गावाकडची चार तोंडं दिसणं, कुणाचं लग्न ठरलं, कुणाकडे मयत झालं हे कळणं, घरी पाठवायचे पैसे कुणाच्या तरी हाती देणं. परमुलखात राहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

‘अबालुह्या’ हा शब्द मात्र थोडा थांबून पाहावा लागतो, कारण सगळ्या प्रकरणाची मेख त्यातच आहे. लुह्या ही पुरातन काळापासून चालत आलेली एकसंध जमात नव्हे. मारागोली, बुकुसु, वांगा, बुन्योरे, सामिया, मरामा, तिरिकी, इसुखा, इदाखो असे दीडएक डझन गट आणि त्यांच्या एकमेकींना जवळच्या, तरी वेगळ्या बोली. या सगळ्यांसाठी मिळून ‘अबालुह्या’ हे नाव रुळलं ते १९३० च्या दशकापासून पुढे, वसाहतकाळात. शब्दाचं मूळ ‘ओलुह्या’त सांगतात, म्हणजे कुळातली वडीलधारी मंडळी जिच्याभोवती बसतात ती शेकोटी. एका शेकोटीचे, ते अबालुह्या.

१९६४ मध्ये क्लब स्थापन झाला तो याच अर्थाने. तोवर नैरोबीत या पोटगटांच्या नावांनी वेगवेगळे संघ खेळत होते. ते मोडून, त्यांतले चांगले खेळाडू एकत्र आणून ‘अबालुह्या युनायटेड’ उभा राहिला. नंतर नाव ‘अबालुह्या फुटबॉल क्लब’ झालं. मारागोली आणि सामिया यांच्या माणसांनी एकाच निळ्या-पांढऱ्या जर्सीमागे उभं राहणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. मैदानाबाहेर राजकारणातही हे गट एकत्र येताना नाकी नऊ येत. पुढे ज्या नावावर जमातवादाचा शिक्का बसला, ते नाव जन्मलं होतं भेद मिटवण्यासाठी.

संघ झपाट्याने वर आला. १९६६ आणि १९६७ ला लीग जिंकली, मग १९७० आणि १९७३ ला. जो कडेंगे हा त्यांचा तारा. रेडिओ समालोचक लेनर्ड माम्बो म्बोटेला यांचं ‘कडेंगे ना म्पिरा’, म्हणजे ‘चेंडू कडेंगेकडे’, हे वाक्य अख्ख्या केनियाच्या तोंडी बसलं. ज्यांनी त्याला खेळताना कधी पाहिलं नाही तेही ते म्हणत. बचावातला जोनाथन निवा १९७२ च्या आफ्रिकन राष्ट्रचषकात खेळलेल्या केनियाच्या संघाचा आधार होता. देशाची ती त्या स्पर्धेतली पहिली वेळ होती.

१९६८ मध्ये लुओ संघांच्या एकत्रीकरणातून ‘गोर माहिया’ जन्मला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकून बसला. गोर माहिया हे लुओ लोककथांतल्या एका जादूगार वैद्याचं नाव. याशिवाय ‘लुओ युनियन’ हा जुना क्लब होताच. १९६४ चा लीगविजेता तोच. १९६९ मध्ये लुओ नेते टॉम म्बोया यांची नैरोबीत भर रस्त्यात हत्या झाली. त्याच वर्षी न्यांझातल्या किसुमूत गोळीबार झाला, दुसरे लुओ नेते ओगिंगा ओडिंगा यांच्या पक्षावर बंदी आली आणि ते स्वतः स्थानबद्ध झाले. त्यानंतर लुओ माणसाला राजधानीत बिनधास्त गर्दीने जमायला फुटबॉलच्या मैदानाइतकी मोकळी जागा क्वचितच उरली होती. गोर माहियाच्या नावाला जे वजन आलं ते या काळात.

अबालुह्या आणि गोर माहिया यांच्या सामन्याला पुढे ‘माशेमेजी डर्बी’ म्हणू लागले. स्वाहिलीत ‘शेमेजी’ म्हणजे लग्नाने जोडलेलं नातं: दीर, मेहुणा, वहिनी, नणंद सगळ्यांना एकच शब्द. दोन्ही मुलूख शेजारी-शेजारी, रोटीबेटी व्यवहार जुना. सोयऱ्यांमधली ही चुरस ज्या नावाने ओळखली जाते त्या नावातच तिची मर्यादाही सांगितलेली आहे, आणि मला ते नाव फार आवडतं.

प्रश्न नेमका काय होता

ऑगस्ट १९७८ मध्ये जोमो केन्याटा गेले आणि उपाध्यक्ष डॅनियल अराप मोई अध्यक्ष झाले. ते होऊ नयेत म्हणून १९७६ मध्ये राज्यघटना बदलण्याची मोहीम झाली होती. तिच्यामागे ‘गेमा’ या किकुयु-एम्बु-मेरु संघटनेतली वजनदार मंडळी होती. गेमा नावाला कल्याणकारी संस्था, पण तिच्याकडे पैसा, जमिनी आणि मंत्री होते. १९८० मध्ये मोईंनी जमातींच्या नावाने चालणाऱ्या सगळ्या संघटना बंद करण्याचा आदेश काढला. राष्ट्रीय ऐक्य हे त्याचं जाहीर कारण होतं, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, चाळीसएक जमातींच्या देशात ते कारण खोटं म्हणता येणार नाही. पण कुऱ्हाड घातली होती ती मुख्यतः गेमावर. सुक्याबरोबर ओलंही जळालं. लुओ युनियन (क्लब नव्हे, त्याच नावाची समाजसंस्था), अबालुह्या असोसिएशन यांसारख्या संस्थाही बंद झाल्या आणि आदेशाचा फटका फुटबॉलपर्यंत पोचला.

क्लबसमोर आता दोन वेगवेगळे प्रश्न होते आणि ते एकच असल्यासारखे दिसत होते. पहिला नावाचा. फुटबॉल महासंघाकडे ‘अबालुह्या’ या नावाने नोंदणी राहिली तर पुढच्या हंगामात खेळता येईल की नाही याची शाश्वती नव्हती. दुसरा मालकीचा. हा क्लब आहे कुणाचा? आजवर उत्तर देण्याची गरज पडली नव्हती, कारण उत्तर नावातच होतं. ‘अबालुह्यांचा.’ नाव गेलं की ते उत्तरही जाणार होतं. शिवाय ज्या समाजसंस्थांच्या आधाराने वर्गणी गोळा व्हायची, खेळाडूला शहरात नोकरी-खोली मिळायची, त्याही त्याच झटक्यात बंद झाल्या होत्या.

समोरचे पर्याय

तिन्ही क्लब जसे वागले, आणि लीगमध्ये आजूबाजूला जे चाललं होतं, त्यावरून पर्यायांचं चित्र नीट दिसतं.

आदेश न मानणं हा पर्याय कागदावरच होता. मैदानं नगरपालिकेची किंवा सरकारची, नोंदणी महासंघाच्या हाती, आणि विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा लागू. फुटबॉलच्या नावासाठी कुणी तुरुंगात जाईल अशी अपेक्षा करणंही चूक होतं.

एखाद्या कंपनीच्या पंखाखाली जाणं हा दुसरा पर्याय, आणि तो मुळीच हास्यास्पद नव्हता. १९७७ आणि १९७८ ची लीग ‘केनिया ब्रुअरीज’ने जिंकली होती. बिअर कंपनीचा संघ असल्याने खेळाडूंना पगार, नोकरी, निवृत्तीनंतरची सोय असे. सरकारी खाती, बँका, कारखाने यांचेही संघ होते. नाव बदलायचंच आहे तर ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचं नाव का लावू नये, हा विचार व्यवहाराला धरून होता. पण कंपनीच्या संघामागे दर रविवारी हजारो माणसं ढोल घेऊन येत नाहीत. क्लबची खरी पुंजी ती गर्दी होती, आणि ती कंपनीच्या ताळेबंदात धरता आली नसती.

तिसरा पर्याय अगदी नव्या, कोऱ्या नावाचा, आणि चौथा जुन्या नावाचा सांगाडा ठेवून आतलं बदलण्याचा. वरवर दोन्ही सारखेच. प्रत्यक्षात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक निघाला.

घेतलेला निर्णय

‘अबालुह्या फुटबॉल क्लब’ची आद्याक्षरं ए, एफ, सी. क्लबने ती तशीच ठेवली आणि त्यांचा नवा विस्तार केला: ‘ऑल फुटबॉलर्स कॉन्फेडरेशन’, म्हणजे सर्व फुटबॉलपटूंचा महासंघ. पुढे जोडलं ‘लेपर्ड्स’.

या निर्णयात तीन बारकावे आहेत. पहिला उघड आहे. चाहते मैदानात ‘ए-एफ-सी’ असं ओरडत होते ते नाव बदलल्यावरही तसंच ओरडत राहिले. गळ्याची सवय मोडावी लागली नाही. दुसरा असा की नवा विस्तार हा आदेशाच्या भाषेतच दिलेला जबाब होता. तुम्ही म्हणता एका जमातीचा नको, तर घ्या, सर्वांचा. त्यावर आक्षेप घ्यायला कुणाला जागाच नव्हती. तिसरा बारकावा मला सर्वात अर्थपूर्ण वाटतो, तो बिबट्याचा. इंग्रजी ‘लेपर्ड’ हा कुणाही जमातीचा नाही. पण पश्चिम केनियात वांगांचा राजा, नाबोंगो, याच्या अंगावर बिबट्याचं कातडं असे आणि ते सत्तेचं चिन्ह होतं. लुह्या बोलींत बिबट्याला ‘इंग्वे’ म्हणतात. कागदावर ‘लेपर्ड्स’ लिहिलं गेलं आणि लोकांच्या तोंडी लगेच ‘इंग्वे’ बसलं. आजही क्लबचं ते लाडकं नाव आहे. सरकारी रजिस्टरमधून गेलेली भाषा अशी शेजारच्या दाराने परत आत आली.

मैदानातला आवाजही बदलला नाही. इसुखा आणि इदाखो लोकांचे इसुकुती ढोल, लहान-मध्यम-मोठा असा तिघांचा संच, क्लबच्या सामन्यांना वाजत राहिले. युनेस्कोने २०१४ मध्ये इसुकुती नृत्याला तातडीने जतन करण्याच्या वारशाच्या यादीत घेतलं. गावोगावी हे वादन मागे पडत असताना फुटबॉलच्या मैदानावर ते ऐकू येत राहिलं, हा या नामांतराचा एक न ठरवलेला फायदा.

गोर माहियाने तेच तंत्र वापरलं. ‘गोर’ची तीन रोमन अक्षरं घेऊन ‘गल्फ ऑलिम्पिक रेंजर्स’ असं नाव बनवलं. ‘गल्फ’चा धागा फार तर न्यांझातल्या विनाम आखाताशी जोडता येतो, पण तीन शब्दांपैकी एकाचाही क्लबच्या इतिहासाशी संबंध नव्हता. ऑलिम्पिक कशाचं आणि रेंजर्स कुठले? चाहत्यांनी ते नाव कधी आपलं मानलं नाही. ते ‘गोर’ किंवा क्लबचं लाडकं नाव ‘कोगालो’च म्हणत राहिले आणि पुढे क्लब मूळ नावावर परतला. त्याच्या बाजूने एक गोष्ट होती. ‘गोर माहिया’ हे जमातीचं नाव नाही, माणसाचं आहे. ‘अबालुह्या’ला ती पळवाट नव्हती.

लुओ युनियनने ‘रीयुनियन’ हे नाव घेतलं. जुन्या नावातला ‘युनियन’ राखला, ‘लुओ’ सोडला. शब्दाचा खेळ चांगला होता, पण लोक ‘लुओ’साठी येत होते, ‘युनियन’साठी नव्हे.

पुढे काय झालं

एएफसी लेपर्ड्सने १९८०, १९८१ आणि १९८२ अशी सलग तीन वर्षं लीग जिंकली. पूर्व आणि मध्य आफ्रिकेच्या क्लबांचा चषक १९७९ मध्ये ‘अबालुह्या’ म्हणून जिंकला होता, तो १९८२, १९८३ आणि १९८४ मध्ये ‘एएफसी लेपर्ड्स’ म्हणून पुन्हा जिंकला. १९८४ च्या अंतिम सामन्यात समोर गोर माहियाच होता. पुढच्या वर्षी पुन्हा हेच दोघे अंतिम फेरीत आले आणि गोर माहियाने परतफेड केली. दोन्ही वर्षी उभ्या प्रदेशाचा अंतिम सामना म्हणजे नैरोबीतल्या सोयऱ्यांचा सामना होता.

हे यश नव्या नावामुळे आलं असं मी म्हणणार नाही. संघ आधीच तगडा होता. नावामुळे तो मोडला नाही, एवढं मात्र खात्रीने म्हणता येतं, आणि एवढंही थोडं नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ८० च्या दशकातल्या या संघाचा गोलरक्षक महमूद अब्बास होता. तो किनारपट्टीवरचा, पश्चिम केनियाशी त्याचं नातं नाही. ‘केनिया वन’ म्हणून तो देशभर ओळखला गेला. १९८१ ते १९८३ सलग तीनदा केनियाने पूर्व-मध्य आफ्रिकेचा राष्ट्रीय चषक जिंकला, तो याच पिढीच्या जोरावर. आघाडीला जो मासिगा, जो दंतवैद्यही होता आणि रग्बीही खेळे. खेळाडूंच्या खोलीत ‘सर्वांचा क्लब’ नाव बदलण्याच्या आसपासच खरा व्हायला लागला होता.

१९७९ ते १९९३ या पंधरा वर्षांत केनियाची लीग या दोनच क्लबांनी जिंकली. गोर माहिया आठदा, एएफसी लेपर्ड्स सातदा. तिसऱ्या कुणाला शिरकावच मिळाला नाही. दोघेही जमातीच्या आधाराने वाढलेले, दोघांचंही नाव सरकारने बदलायला लावलेलं. १९८७ मध्ये गोर माहियाने ट्युनिसच्या एस्पेरांसला तिथे २-२ आणि नैरोबीतल्या कासारानीच्या नव्या स्टेडियमवर १-१ असं रोखून, परक्या मैदानावरच्या गोलांच्या जोरावर आफ्रिकन चषकविजेत्यांचा चषक आणला. केनियाच्या क्लबने जिंकलेला तो पहिला खंडीय चषक. इतिहासात तो ‘गोर माहिया’च्या नावावर आहे.

रीयुनियनची गोष्ट उदास करणारी आहे. १९७५ ची लीग आणि १९७६, १९७७ असे सलग दोन प्रादेशिक क्लब चषक जिंकलेला हा संघ नाव बदलल्यावर काही वर्षांत अव्वल लीगमधून घसरला आणि पुन्हा कधी त्या उंचीवर गेला नाही. सगळा दोष नावावर टाकणं अन्यायाचं होईल. एकाच समाजाच्या पाठिंब्यावर दोन मोठे क्लब चालत होते आणि गोर माहियाचं पारडं आधीच जड होतं. पण दोघांत निवड करायची वेळ आली तेव्हा ‘लुओ’ हा शब्द गेलेल्या क्लबकडे लोकांना खेचून आणील असं काही उरलं नव्हतं.

निर्णयाचे टप्पे, पुन्हा पाहताना

आद्याक्षरं राखण्याचा निर्णय बरोबर होता. पण अक्षरं राखणं पुरत नाही, हे गल्फ ऑलिम्पिक रेंजर्सने दाखवलं. नव्या नावातला निदान एक शब्द तरी लोकांना आपला करता आला पाहिजे. ‘लेपर्ड’चं ‘इंग्वे’ झालं. ‘गल्फ’चं तसं काही झालं नाही. माझ्या मते या प्रकरणात यश आणि अपयश यांतली रेघ इथे पडते.

दुसरा टप्पा फार कुणी बोलत नाही असा आहे. डिसेंबर १९९१ मध्ये एकपक्षीय राजवटीची घटनेतली तरतूद रद्द झाली आणि बहुपक्षीय निवडणुका आल्या. वातावरण सैल झालं होतं. गोर माहिया आपल्या नावाने खेळत होता. एएफसी लेपर्ड्सलाही ‘अबालुह्या’ परत मागता आलं असतं. क्लब त्या वाटेने गेला नाही, आणि मला वाटतं चांगलं झालं. त्याच सुमारास, १९९१ ते १९९३ मध्ये, रिफ्ट व्हॅलीत आणि पश्चिमेच्या सीमेवर जमातींच्या नावाने घरं जाळली जात होती, माणसं मारली जात होती. त्या दिवसांत जमातीचं नाव पुन्हा जर्सीवर चढवणं म्हणजे जळत्या गवतात काडी टाकणं झालं असतं. १९८० मध्ये सक्तीने स्वीकारलेलं नाव १९९२ मध्ये क्लबने स्वेच्छेने ठेवलं. माझ्या हिशेबी ते खऱ्या अर्थाने क्लबचं झालं ते तेव्हा.

तिसरा टप्पा घेतलाच न गेलेल्या निर्णयाचा आहे, आणि त्यावर सर्वात जास्त बोलायला हवं.

‘सर्व फुटबॉलपटूंचा महासंघ’ म्हटल्यावर, सर्व म्हणजे कोण हे ठरवायला हवं होतं. सभासद कोण, मताचा हक्क कुणाला, पैसा कुणाच्या सहीने खर्च होणार, घटना बदलायची तर किती मतं लागणार. अबालुह्याच्या काळात हे अलिखित चाले, कारण मागे समाज होता. समाजसंस्था गेल्यावर ती जागा भरणारी लेखी चौकट लागत होती. ती वेळेवर आणि घट्ट बसली नाही. नाव सगळ्या देशाचं झालं, कारभार मात्र मुख्यतः पश्चिम केनियातून आलेल्या मंडळींच्याच हाती राहिला आणि त्यांच्यातले जुने पोटगट, जे मिटवायला क्लब जन्मला होता, ते निवडणुकांच्या वेळी पुन्हा डोकं वर काढत राहिले.

जिंकत असताना हे झाकलं गेलं. १९९२ नंतर क्लबने लीग जिंकली ती फक्त एकदा, १९९८ मध्ये. ते बारावं विजेतेपद आजवरचं शेवटचं आहे. २००० च्या दशकात क्लब खालच्या विभागात घसरला आणि तिथून परत वर आला. त्या घसरणीची कारणं अनेक. लीगमधला गोंधळ, महासंघातले वाद, पैशाची चणचण. गोर माहियालाही १९९५ नंतर लीग जिंकायला २०१३ उजाडलं, म्हणजे रोग एकाच घरचा नव्हता. पण गोर माहिया त्यानंतर सातत्याने जिंकू लागला आणि एएफसी लेपर्ड्स अजून वाट पाहतो आहे.

प्रायोजकांच्या बाबतीतही तेच. काही काळ मुमियासच्या साखर कारखान्याने हात दिला. मुमियास ही वांगांची जुनी राजधानी, म्हणजे मदत पुन्हा गावाकडूनच आली. नंतर एका सट्टा कंपनीने दोन्ही सोयऱ्यांना एकाच वेळी पैसा पुरवला आणि २०१९ मध्ये सरकारशी करावरून वाद झाल्यावर ती एकाच वेळी दोघांकडून निघूनही गेली. खेळाडूंचे पगार थकले. साठ वर्षांचा क्लब, लाखोंचा चाहतावर्ग, आणि स्वतःचं स्टेडियम नाही. प्रत्येक मोठ्या सामन्याला मैदान कुठलं मिळेल हे दुसऱ्याच्या मर्जीवर. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ही दुर्दशा टाळता येण्यासारखी होती.

वेगळं काय करता आलं असतं

१९८० ते १९८५ या पाच-सहा वर्षांत क्लबकडे चषक होते, भरलेली मैदानं होती आणि सरकारची वक्र नजरही सरली होती. सभासद नोंदणी गावोगावी आणि शहरांत उघडून, ठरावीक वर्गणी ठेवून, तिचा काही हिस्सा जमिनीसाठी बाजूला काढता आला असता. सामन्याला येणारा आणि क्लबचा सभासद यांत अंतर होतं. ते कमी करण्याची सर्वात सोपी वेळ ती होती. जिंकणाऱ्या क्लबची वर्गणी लोक आनंदाने भरतात, हरणाऱ्याची मागावी लागते.

महमूद अब्बाससारखे खेळाडू बाहेरून आले, तसे कार्यकारिणीवर बाहेरचे लोक घटनेतच जागा ठेवून आणता आले असते. त्याने पश्चिमेची माणसं दूर गेली असती असं मला वाटत नाही. ढोल त्यांचे होते, इंग्वे त्यांचा होता, तो आधार कुणी काढून घेत नव्हतं.

लुओ युनियन आणि गोर माहिया यांच्याबाबतही एक संधी हुकली असं मी मानतो. दोघांनाही एकाच वेळी नाव बदलायचं होतं. त्याच वेळी दोन्ही क्लब एकत्र आले असते तर लुओ युनियनचा १९७६-७७ चा वारसा आणि त्याचे खेळाडू वाया गेले नसते. १९६४ मध्ये लुह्या पोटगटांनी आणि १९६८ मध्ये लुओ संघांनी असंच केलं होतं, म्हणजे वाट माहीत होती. पण सक्तीने नाव सोडायला लागलेली दोन घरं त्याच आठवड्यात एक चूल करतील, हे मागून सांगणं सोपं आहे.

त्याच १९८० साली ‘किसी’ नावाच्या गावात आणखी एक क्लब सुरू झाला. अबागुसी लोकांचा मुलूख, पण नाव ‘शबाना’. तिथल्या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्याच्या हार्डवेअर दुकानाचं ते नाव होतं आणि मराठी वाचकाला ते केनियाच्या लीगच्या तक्त्यात पाहून क्षणभर थांबायला होतं. आदेशाच्या वर्षीच जन्मल्यामुळे त्याला बदलायला जमातीचं नाव नव्हतं. तरी गुसी लोकांनी तो पहिल्यापासून आपला मानला. २००६ मध्ये शबाना अव्वल लीगमधून खाली गेला, सतरा वर्षं खालच्या विभागांत राहिला, आणि २०२३ मध्ये वर आला तेव्हा किसीची माणसं पुन्हा त्याच दुकानाच्या नावाने ओरडायला मैदानात हजर होती.